तळ्याच्या गाळात थर दिसतायत, यावरनं जुनं पाऊसपाणी कळतं का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी, जरा लांबच लिहितोय पण हातात आठच दिवस आहेत म्हणून सगळं एकदम सांगून टाकतो. आमच्या गावच्या तळ्याचा गाळ काढायचं काम पंचायतीतनं चालू झालंय. आधी उद्योग खात्रीतनं (म्हणजे रोजगार हमीतनं) माणसं लावून वरवरचा काढला आणि आता आत जेसीबी घातलाय, ट्रॅक्टर भरभरून गाळ शेतात चाललाय. त्यात वाईट काही नाही, मी पण आमच्या रानात बारा ट्रॉल्या टाकून घेतल्या. पण परवा संध्याकाळी काम थांबल्यावर खड्ड्यात उतरलो तर जेसीबीनं उभी कापलेली भिंत दिसली, पुरुषभर उंच, आणि त्यात पट्टेच्या पट्टे.

खुरप्यानं जरा तासून बघितलं. वरची दोन वीत माती ढिली, राखाडी, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या, म्हणजे अलीकडचीच. त्याखाली एक तांबूस कडक पट्टा, चार बोटं जाड, आणि त्याला उभ्या भेगा, त्या भेगांत वरची राखाडी माती उतरून बसलेली, अगदी स्पष्ट दिसतंय. मग पुन्हा मऊ माती. मग काळाकुळकुळीत चिकट थर, वास मारतोय, त्यात बारीक बारीक शंख, नखाएवढे, हात लावला की फुटतात. त्याच्या बुडाला कोळशाचे कण. आणि सगळ्यात खाली पिवळा शाडू, मग मुरूम.

घरी येऊन आजोबांना सांगितलं, वय ८६. ते म्हणाले ७२ साली तळं पार आटलेलं, मधोमध गुरं फिरायची आणि मातीला एवढ्या भेगा पडलेल्या की वासराचा पाय अडकायचा. मला तेव्हापासून तो भेगांचा पट्टा डोळ्यासमोरनं जाईना झालाय.

लोणारच्या तळ्याच्या गाळातनं हजारो वर्षांचा पाऊस शोधून काढला असं कधीतरी पेपरात वाचलेलं. तर आमच्या तळ्यातनं पण असं काही कळू शकेल का? ती भेगांची माती ७२ ची आहे हे कसं ठरवायचं? आणि जेसीबी ती भिंत खाणार आहे येत्या आठवड्यात, तोवर मी काय करून ठेवू? मी शेती करतो, बारावीपर्यंत सायन्स होतं, एवढंच. पण मनापासनं करीन.

निपाणी_तंबाखूवाले

गाळ रानात टाकलात हे चांगलं केलात दादा, आमच्याकडं दोन वर्षं फरक दिसतोय. थरांचं मला काही कळत नाही पण तुमचा प्रश्न वाचून आमच्या तळ्याकडं जाऊन बघायची इच्छा झाली. धागा वर ठेवतो, जाणकारांनी लिहा.

शहापूरची (बेळगाव, सध्या पुणे)

दादा, पहिलं सांगते, भिंत जायच्या आत फोटो काढा, पट्टी किंवा शिवणाची टेप उभी धरून, सकाळच्या उन्हात, भिंत ताजी तासून. बाकीचं खाली लिहिते, सावकाश वाचा. मी वनस्पतीशास्त्रात परागकणांवर काम केलंय, तळ्याच्या गाळातले जुने परागकण मोजणं हेच माझं काही वर्षांचं काम होतं, त्यामुळं तुमची पोस्ट वाचून मी जेवण अर्धं टाकून उठले.

तळ्याच्या तळाशी दरवर्षी थोडी थोडी माती बसते, खालची जुनी, वरची नवी, हे तर तुम्हाला कळलंयच. जपानात सुइगेत्सु नावाचं तळं आहे तिथं हिवाळ्याचा एक आणि उन्हाळ्याचा एक असे बारीक थर इतके स्वच्छ बसलेत की वर्षं चक्क मोजता येतात, सत्तर हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या उथळ तळ्यात असं होत नाही, कारण उन्हाळ्यात पाणी कमी होतं, गुरं-म्हशी आत बसतात, वारा तळ ढवळतो, गांडुळं आणि किडे वरखाली करतात. त्यामुळं तुमच्या भिंतीत एक पट्टा म्हणजे एक वर्ष असं अजिबात धरू नका. एक पट्टा म्हणजे एक परिस्थिती, ती पाच वर्षं टिकली असेल की पाचशे, ते वेगळं काढायला लागतं.

आता त्या मातीत काय काय लपलेलं असतं ते. माझा विषय आधी. फुलांचे परागकण डोळ्याला दिसत नाहीत, केसाच्या जाडीहून बारीक असतात, पण त्यांचं कवच इतकं चिवट असतं की ओल्या, हवा न लागणाऱ्या चिखलात हजारो वर्षं राहतं. आम्ही माती ॲसिडमध्ये विरघळवून काढतो, माती जाते आणि परागकण उरतात. मग मायक्रोस्कोपखाली बसायचं आणि मोजायचं, हा जांभळाचा, हा ऐन-किंजळचा, हा गवताचा, हा पाणकणसाचा. झाडांचे जास्त असले तर दाट रान आणि पाऊस, गवताचे वाढले तर मोकळं माळरान, पाणकणीस आणि लव्हाळा अचानक वाढला तर त्या जागी पाणी उथळ झालेलं, काठ तिथपर्यंत आलेला. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टनं १९१६ साली ही मोजायची पद्धत पहिल्यांदा मांडली, अजून मुळात तीच चालते. एक स्लाइड मोजायला माझा अर्धा दिवस जायचा.

दुसरं, तुमचे ते शंख. फेकू नका! गोगलगाय आपलं कवच तळ्यातल्या पाण्यातनंच बनवते, आणि पाण्यात ऑक्सिजनचे दोन प्रकार असतात, एक हलका एक जड. ऊन तापलं की हलका आधी वाफ होऊन जातो आणि जड मागं राहतो. म्हणजे तळं आटत असेल त्या काळातल्या शंखात जड ऑक्सिजन जास्त. हरियाणात कोटला डहर म्हणून एक तळं होतं, आता कोरडंच आहे, तिथल्या असल्याच शंखांवरनं सुमारे ४१०० वर्षांपूर्वी पाऊस जोरात कमी झाला असं २०१४ मध्ये मांडलं गेलं, सिंधू संस्कृतीची शहरं ओस पडायला लागली त्याच सुमाराला. आणि केवढ्याशा शंखावरनं हे कळलंय!

तिसरं तुम्हाला शेतकरी म्हणून लगेच पटेल. ऊस, ज्वारी, मका आणि माळाची बरीचशी गवतं हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेतात, भात आणि रानातली झाडं दुसऱ्या पद्धतीनं, आणि दोघांच्या पाल्यात जड कार्बनचं प्रमाण वेगवेगळं पडतं. पाला कुजून गाळात गेला तरी तो फरक राहतो. म्हणजे काळ्या थरातल्या कुजलेल्या मातीवरनं वर रान होतं की गवताळ माळ होता हे सांगता येतं. निलगिरीतल्या दलदलीच्या मातीवर हेच करून हजारो वर्षांचं रान आणि गवत यांचं खालीवर होणं काढलंय. पण आपल्या भागात एक गोची आहे, गेल्या शेपन्नास वर्षांत जिथंतिथं ऊस आलाय, तेव्हा वरच्या थरात जड कार्बनचं माप वाढलं तर तो पाऊस कमी झाल्याचा पुरावा नाही, उसाचा पुरावा आहे. गवताच्या परागकणांचं पण तसंच, रान तोडून शेत केलं तरी वाढतात. माणूस आला की गाळ दोन गोष्टी एकदम बोलायला लागतो आणि त्या सुट्या करणं हेच खरं काम आहे.

आता वय. खोल थरातला कोळसा सगळ्यात मौल्यवान, कारण कार्बन-१४ नं त्याचं वय निघतं, दर ५७३० वर्षांनी तो निम्मा होतो, पन्नास हजार वर्षांपर्यंत चालतं. पण ७२ साठी कार्बन-१४ काही कामाचा नाही. त्यासाठी शिशाचा एक किरणोत्सर्गी प्रकार आहे, शिसं-२१०, तो सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो, शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत उपयोगी. आणि सिझियम-१३७. तो निसर्गात नव्हताच, अणुबॉम्बच्या उघड्या चाचण्यांतनं जगभर पसरला आणि १९६३ च्या सुमाराला सगळ्यात जास्त पडला. आपल्याकडं प्रमाण कमी असतं तरी बऱ्याच तळ्यांत मापता येतं. तुमच्या भिंतीत सिझियम जिथं सगळ्यात जास्त भरेल ती माती १९६३ च्या आसपासची, आणि तुमचा भेगांचा पट्टा त्याच्या थोडाच वर निघाला तर आजोबांचं म्हणणं मातीनं पण सांगितलं असं होईल. मला स्वतःला हे बघायला फार आवडेल.

पण त्याआधी तीन प्रश्न, याची उत्तरं नसतील तर पुढचं सगळं हवेत. तळं मुळात नैसर्गिक खळगा आहे की बांध घालून केलेलं? याआधी कधी गाळ काढलाय का? आणि ती भिंत ओढ्याच्या तोंडाजवळ आहे का, बांधाजवळ की मधोमध?

मलप्रभाकाठ

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, दोनदा वाचलं, आजोबांना पण वाचून दाखवलं. उत्तरं देतो.

एका बाजूला दगडी बांध आहे, कोणी घातला कुणालाच माहीत नाही, त्यावर वडाची झाडं आहेत. पण बाकीच्या तिन्ही बाजूंनी जमीन आपोआपच उतरती आहे, बांध नसता तरी तिथं पाणी साठलंच असतं असं वाटतं. भिंत मधोमध नाही पण ओढ्याच्या तोंडापासनं लांब आहे, बांधापासनं पण शंभरेक पावलं.

गाळ काढल्याचं म्हणाल तर आजोबा सांगतात की मशीन कधी लागलं नव्हतं पण कुंभार माती न्यायचे. खानापूर म्हणजे मातीकामाचं गाव, कौलांचे कारखाने होते, इकडनं तिकडनं शाडू जायचाच. आमच्या तळ्यातनं पण पश्चिमेच्या काठानं नेलेली आहे. ही भिंत पूर्वेला आहे. आजोबांच्या आठवणीत पूर्वेला कोणी खणलेलं नाही. त्यांच्या वडलांच्या वेळचं कोण सांगणार.

शहापूरची (बेळगाव, सध्या पुणे)

पूर्वेची भिंत हे चांगलं झालं. कुंभारांनी नेली असती तर मधला एक तुकडाच गायब, आणि गायब तुकडा डोळ्याला दिसत नाही, वरचा थर खालच्यावर जाऊन गुपचूप बसतो. दोन थरांच्या मधली रेघ एकदम चाकूनं कापल्यासारखी असेल तर संशय घ्यायचा. हळूहळू रंग बदलत गेला असेल तर माती सलग बसली असण्याची शक्यता जास्त.

माणसानं बांधलेलं तळं म्हणून निराश पण होऊ नका. चित्रदुर्गाजवळ तिम्मण्णनायकन केरे म्हणून तलाव आहे, तिथल्या गाळाचा चुंबकीय गुण मोजून मंगळूर विद्यापीठाच्या लोकांनी सुमारे ३७०० वर्षांतल्या पावसाचा चढउतार मांडलाय. पाऊस जास्त झाला की जमिनीत बारीक चुंबकीय खनिजं जास्त तयार होतात आणि वाहून तळ्यात येतात, असा त्यामागचा विचार. आपल्याकडं जांभ्याची तांबडी माती आहे, लोहानं भरलेली, म्हणजे ही पद्धत इथंही लावून बघण्यासारखी आहे.

घटप्रभा_निवृत्त (हुक्केरी)

मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढलं, गाळाचं शास्त्र मला येत नाही, पण पाण्याच्या पातळीबद्दल बोललं पाहिजे असं वाटलं म्हणून लिहितोय, कारण लोक पातळी बघून लगेच पावसावर जातात आणि तिथंच चुकतात.

घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, आमच्या भागातली माणसं दर्शनाला जातात, पेपरात फोटो येतात, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की देऊळ लवकर उघडं पडलं म्हणजे दुष्काळ आला. तसं नसतंय. पाणी किती सोडलं, कालव्याला किती, शहरांना किती, नदीत किती, यावर ते ठरतं. पाऊस भरपूर होऊन पण मे महिन्यात देऊळ दिसतं आणि पाऊस बेताचा असून पण कधी उशिरा दिसतं. अरल समुद्राचं तर सगळ्या जगानं बघितलं, १९६० नंतर त्याला मिळणाऱ्या नद्या कापसाच्या शेतीला वळवल्या आणि एवढा मोठा समुद्र आटत गेला, त्यात पावसाचा दोष किती होता?

आणि दुसरी गोष्ट सांडव्याची. तुमच्या तळ्याला बांध आहे म्हणजे सांडवा असणारच. सांडव्याच्या वर पाणी चढत नाही. खूप पाऊस झाला तरी पातळी तिथंच, बेताचा झाला तरी तिथंच. म्हणजे ओल्या वर्षांबद्दल तुमचं तळं मुकं आहे आणि फक्त कोरड्या वर्षांबद्दल बोलतं. हे डोक्यात ठेवून त्या थरांकडं बघा. सांडवा कुठल्या उंचीला आहे ते लेव्हलनं मोजून भिंतीच्या फोटोबरोबर लिहून ठेवा, गावात कोणा गवंड्याकडं पाण्याची नळी असेल, तेवढ्यानं पण होतं.

एक बघितलेलं सांगतो. धरणाचं पाणी उतरताना काठावर पायऱ्या पडत जातात, पाणी जिथं आठवडाभर थांबलं तिथं लाटांनी एक रेघ कोरलेली असते आणि त्या रेघेवर वाळू-खडे, खाली बारीक चिखल. मी कैक वर्षं त्या रेघांवरनं मागच्या महिन्यात पाणी कुठं कुठं थांबलं ते रजिस्टर न बघता सांगायचो. जुन्या तळ्यांत पण असंच असणार.

शहापूरची (बेळगाव, सध्या पुणे)

काका, तुम्ही सांडव्याचं जे लिहिलंत ते आम्हाला शिकवायला एक अख्खं लेक्चर लागलं होतं. आणि रेघांचं अगदी बरोबर. अमेरिकेत युटामध्ये खाऱ्या सरोवराच्या वर डोंगरांना अशाच आडव्या रेघा आहेत, आजच्या पाण्यापासनं सुमारे ३०० मीटर उंच, हिमयुगात तिथं बोनव्हिल नावाचं प्रचंड सरोवर होतं त्याचे काठ. गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञानं १८९० साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. वाळू वर आणि चिखल खाली हीच खूण गाळाच्या नळीत (तळात नळी ठोकून काढलेल्या उभ्या नमुन्यात) पण शोधतात, मधोमधच्या बारीक चिखलात अचानक वाळूची रेघ आली तर काठ आत सरकला होता का ते तपासायचं. पण एका रात्रीच्या पुरानं पण वाळू येते, त्यामुळं एकट्या वाळूवर विश्वास नाही, पाणकणसाचे परागकण, शंख, भेगा असे दोन-तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगायला लागले तरच धरायचं.

लोणार एवढं महत्त्वाचं का, तर सांडवाच नाही. उल्केच्या आघातानं झालेला खड्डा, पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, फक्त वाफ. पाऊस कमी झाला की पाणी खारट होत जातं आणि गेल्युसाइट नावाचं खनिज तळाशी जमतं, स्फटिकच सापडतात गाळात. तिथल्या सुमारे दहा मीटर लांब नळीतनं साधारण ११,००० वर्षांचा इतिहास निघाला आणि त्यात दोन लांबलचक कोरडे काळ सापडले, एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी.

अथणी_कोरडवाहू

मी बराच वेळ वाचतोय, विचारतोच आता. ताई, ६०० वर्षांपूर्वी म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ ना? १३९६ पासनं बारा वर्षं पडला म्हणतात. आणि त्यानंतर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारं उघडली तो. आमच्या अथणीच्या बाजूला पाऊस मुळातच पाचशे-सहाशे मिलिमीटर, जिल्हा एकच पण कणकुंबी-आमगावला काही हजार पडतो आणि आम्ही ढग बघत बसतो. आमच्या घरात दुर्गादेवीचं नाव आजी काढायची, कोणी ताटात भाकरीचा तुकडा टाकला की. तर हे जे दुष्काळ लोकांच्या तोंडात राहिलेत ते मातीत किंवा दगडात कुठं सापडलेत का, की नुसत्या गोष्टीच आहेत? मला हे खरंच जाणून घ्यायचंय, कारण तळी तर आमच्याकडं दर दोन वर्षांनी आटतात, आमच्या मातीत काय राहणार.

शहापूरची (बेळगाव, सध्या पुणे)

नुसत्या गोष्टी नाहीत, दादा. छत्तीसगडमध्ये दंडक नावाची गुहा आहे, तिथल्या चुनखडीच्या खांबातनं इसवी सन ६०० ते १५०० पर्यंतचा पाऊस काढलाय, आणि चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या निम्म्यापर्यंत पावसानं पुन्हा पुन्हा दगा दिलेला त्यात दिसतो. दुर्गादेवी त्याच काळात येते. गुहेत छतातनं थेंब थेंब पडून दगड वाढतो, तिथं गुरं जात नाहीत, कोणी ढवळत नाही, म्हणून वेळ बारकाईनं कळतो. तळ्याच्या गाळात मात्र चार-पाच वाईट वर्षं सहसा मिसळून जातात, तळं दशकांची-शतकांची सरासरी सांगतं. म्हणून लोणारच्या "६०० वर्षांपूर्वी" वर बोट ठेवून हीच दुर्गादेवी असं मी म्हणणार नाही. दोन्ही साक्षीदार वेगवेगळ्या वेगानं बोलतात.

आपल्या जवळचं पण आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात अकळगवी म्हणून गुहा आहे, तिथल्या खांबातनं ३३१ वर्षांचा पाऊस मांडलाय. आणि मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम कारवारचं. जोयड्याकडनं येणारी काळी नदी कारवारला समुद्राला मिळते ना, तिनं घाटातले परागकण वाहून नेऊन समुद्राच्या तळाशी टाकलेत. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १९९० च्या दशकात कारवारसमोरच्या समुद्रातल्या गाळाच्या नळ्या तपासल्या आणि सुमारे ३५०० वर्षांपूर्वीपासून सदाहरित रान कमी होऊन हवामान कमी ओलं झालं असं मांडलं. खानापूरच्या पलीकडच्याच रानाची ही हकिकत, आणि ती सापडली समुद्रात!

अथणीच्या तळ्यांचं म्हणाल तर वारंवार आटणाऱ्या मातीत परागकण टिकत नाहीत, हवा लागली की कुजतात, हे खरं आहे. पण कार्बन आणि चुंबकीय गुण राहतात. कास पठारावरचं एक तळं पण असंच हंगामी आहे, तरी पुण्याच्या आघारकर संस्थेनं तिथल्या गाळातनं आठ हजारांहून जास्त वर्षांमागचं हवामान वाचलंय. तेव्हा तुमची तळी आधीच सोडून देऊ नका.

मलप्रभाकाठ दादा, आता कामाचं. पीव्हीसी पाईप ठोकायचा विचार करत असाल तर करा, पण त्यात माती दबते, दीड मीटर पाईप आत गेला तरी आत सव्वा मीटरच माती भरते, त्यामुळं बाहेरनं आणि आतनं दोन्ही मापं लिहा. त्यापेक्षा तुमच्याकडं उभी भिंत आहे तर पंधरा किलोच्या तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे घ्या, एक बाजू कापून टाका, गरम पाण्यानं धुवा, तेलाचा अंश राहायला नको. भिंत तासून सपाट करायची, डब्याची उघडी बाजू भिंतीत दाबायची, वरनं लाकडाचा ठोकळा ठेवून हळू ठोकायचं, मग कडेनं खणून डबा मातीसकट काढायचा. एकाखाली एक लावताना दहा सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या. प्रत्येक डब्यावर वर कुठलं टोक ते बाणानं, आणि वरनं किती सेंटिमीटर ते ऑइल पेंटनं लिहा, स्केच पेन ओलीनं जातो. आधी प्लास्टिकनं गच्च गुंडाळून मग थंड जागी. कोळशाला हात लावायचा नाही, चिमट्यानं ॲल्युमिनियमच्या कागदात. आणि खड्ड्यात एकट्यानं उतरू नका, उभी भिंत ओली असेल तर अंगावर येते. मी लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या ओळखीच्यांशी बोलते, ते असंच काम करतात, पण डबे नीट नसतील तर कोणीच काही करू शकणार नाही.

मलप्रभाकाठ

मंडळी, पाच दिवसांनी लिहितोय, राग मानू नका, कामच चालू होतं.

पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटलो, फोटो दाखवले, त्यांनी मशीनवाल्याला दोन दिवस पश्चिमेकडं काम करायला सांगितलं. त्याच्या माणसानं पहिल्या दिवशी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पूर्वेचा एक कोपरा कापला, आम्ही पोचेपर्यंत वरची दोन वीत गेली होती. भांडणात वेळ न घालवता उरलेल्याला लागलो. आमच्या भावकीतली तीन पोरं, मी, आणि गावातला एक गवंडी. सहा डबे. चौथा डबा काढताना काळा थर मधनंच फुटला, तो पुन्हा बाजूला दोन फूट सरकून घेतला आणि तसं लिहून ठेवलंय. घटप्रभा काका, सांडव्याची उंची पाण्याच्या नळीनं घेतली, भेगांच्या पट्ट्याचा माथा सांडव्यापेक्षा दोन मीटर दहा सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे पाणी निदान तेवढं तरी खाली गेलं असणार, बरोबर ना?

ताई, तुम्ही म्हणालात तशी रेघ बघितली. काळ्या थराची वरची रेघ हळूहळू बदलते, बोटभर जागेत काळ्याचा राखाडी होतो. पण काळ्याच्या खालची, पिवळ्या शाडूवरची, एकदम कापल्यासारखी आहे, आणि कोळसा नेमका तिथंच आहे. ते काय असेल ते तुम्ही सांगा. कोळशाचे अकरा कण मिळाले, सगळ्यात मोठा हरभऱ्याच्या डाळीएवढा.

आजोबांना खुर्चीत बसवून तळ्यावर आणलं. ते भेगांच्या पट्ट्यापाशी बराच वेळ बघत होते, मग एका भेगेत करंगळी घातली, पहिल्या पेरापर्यंत गेली. म्हणाले, हीच असेल किंवा नसेल, पण अशीच होती.

भिंत आज दुपारी गेली. डबे मागच्या खोलीत आहेत, भाताच्या कणगीशेजारी, तिथं गार असतं.

शहापूरची (बेळगाव, सध्या पुणे)

दादा, डबे आडवे ठेवा, उभे नको, पाणी खाली उतरून माती खचते. आणि कणगीपासनं लांब ठेवा, उंदीर प्लास्टिक कुरतडतील. शाडूवरची कापल्यासारखी रेघ आणि त्यावर कोळसा, म्हणजे तिथं एकतर कोणीतरी खणलंय किंवा रान जाळून बांध घातलाय, आणि तसं असेल तर त्या अकरा कणांवरनं पावसाच्या आधी तुमच्या बांधाचंच वय कळेल. सोमवारी लखनौला फोन करते, वेळ मिळाला की तुमचे फोटो मेल करा, टेप दिसणारे.

मलप्रभाकाठ

आडवे केले. कणगीपासनं हलवून देवघराच्या मागच्या कट्ट्यावर ठेवलेत. फोटो पाठवतोय, एकोणीस आहेत.